बॅजवर नाव एकाचं, ड्रम दुसऱ्याचा!

सांगा बघू, ऐंशी डॉलरमध्ये काय काय येतं? बऱ्यापैकी स्नीकर्सची एक जोडी. दोघांचं शुक्रवार रात्रीचं जेवण, तेही वाईन न मागवता. किंवा मग एक अख्खा ड्रमसेट!

गोष्ट २०१९च्या उन्हाळ्यातली. न्यू जर्सीत एडिसनला ऑनसाईट होतो. शनिवारी सकाळी दूध आणायला निघालो आणि वाटेत एका घरापुढे यार्ड सेल मांडलेला दिसला. जुना टोस्टर, ख्रिसमसचे दिवे, गोल्फच्या काठ्या... आणि मागे गॅरेजच्या कोपऱ्यात, चादरीखाली काहीतरी गोल गोल. चादर उचलली आणि बॉस, आपण फ्लॅट! लाल चमकीचा ड्रमसेट. एक बास ड्रम, त्यावर बसणारा छोटा टॉम, तीन पायांचा फ्लोअर टॉम आणि स्टीलचा स्नेअर. क्रोमवर गंजाचे ठिपके, हेड्स फाटलेली, कोळ्यांची वस्ती. विकणाऱ्या तरुण जोडप्याने ते घर नुकतंच घेतलं होतं. ड्रमसेट आधीच्या मालकाचा असावा, इतकंच त्यांना ठाऊक. नेणार असशील तर आजच ने, म्हणाले.

कॉलेजात असताना गॅदरिंगला ड्रम वाजवायचो मी. नोकरी लागल्यावर हातात काठ्या राहिल्या नाहीत, माऊस राहिला. त्यामुळे किमतीत घासाघीस वगैरे काही केली नाही. दुधाचं मात्र राहिलं, आणि त्यावरून घरी जे झालं ते वेगळ्या लेखाचा विषय आहे.

घरी आल्यावर ओल्या फडक्याने पहिला पुसला तो बॅज. ड्रमच्या अंगावर कंपनीच्या नावाची जी धातूची पट्टी असते, तिला बॅज म्हणतात. मनात आशा की लडविग निघेल, स्लिंगरलँड निघेल, आपण मालामाल होऊ. बॅजवर नाव निघालं ‘स्टुअर्ट’. खाली बारीक अक्षरांत, ‘मेड इन जपान’.

कोण हा स्टुअर्ट?

इथे थोडा इतिहास लागतो. बोअर करणार नाही, प्रॉमिस.

९ फेब्रुवारी १९६४च्या रात्री अमेरिकेत ‘एड सलिव्हन शो’मध्ये बीटल्स वाजवून गेले. सात कोटींहून जास्त लोकांनी ते टीव्हीवर पाहिलं. मागे उंचावर बसलेला रिंगो स्टार आणि त्याच्या बास ड्रमवर ठळक अक्षरांत लिहिलेलं ‘लडविग’. दुसऱ्या दिवसापासून अमेरिकेतल्या प्रत्येक गल्लीतल्या पोराला ड्रमसेट हवा होता. पण लडविग, ग्रेच, रॉजर्स या बड्या अमेरिकन कंपन्यांचा सेट सामान्य बापाच्या खिशाला झेपणारा नव्हता.

मग कोण धावून आलं? जपान. तेव्हा एका डॉलरला ३६० येन मिळायचे. १९४९ साली ठरलेला हा दर १९७१पर्यंत तसाच होता. म्हणजे जपानी माल अमेरिकेत स्वस्त पडणार हे उघड होतं. टोकियोच्या सुमिदा भागात कात्सुमी यानागिसावा नावाच्या गृहस्थांनी १९४६मध्ये एक छोटा कारखाना काढला होता. सुरुवातीला तिथे काय बनायचं? नोटेशनची वही ठेवायचे स्टँड! १९५२पासून ते ड्रमकडे वळले. कंपनीचं नाव पर्ल. हो, तीच पर्ल, जिचे ड्रम आज निम्म्या जगाच्या स्टेजवर दिसतात. १९६१ साली पर्लने चिबा इथे मोठा कारखाना उभारला आणि तिथून स्वस्त ड्रमसेट जहाजं भरभरून बाहेर जायला लागले.

आता यातली गंमत ऐका. या सेट्सवर पर्लचं नाव नसायचंच. माल मागवणारा अमेरिकेतला व्यापारी सांगेल ते नाव! कोणासाठी मॅजेस्टिक, कोणासाठी अपोलो, कोणासाठी कोरोनेट, व्हाइटहॉल, टोरेडोर, मॅक्सविन. तीसहून जास्त वितरकांची नावं या एका कारखान्याने आपल्या ड्रमवर लावली. त्यातच आमचा स्टुअर्ट. म्हणजे ज्याच्या नावाचा बॅज, त्याने त्या ड्रमला एक खिळासुद्धा मारलेला नाही. या जातीच्या सेट्सना अमेरिकेतले शौकीन ‘स्टेन्सिल किट’ म्हणतात. ड्रम तोच, फक्त वर नाव छापायचं. आपल्याकडे एकाच गिरणीचा आटा पाच दुकानांच्या पाच पिशव्यांत भरला जातो ना, तसलंच प्रकरण.

हा धंदा करणारा कारखाना पर्ल एकटाच नव्हता. होशिनो गाक्की, म्हणजे गिटारवाल्यांना माहीत असलेली आयबनेझची कंपनी, १९६५पासून ‘स्टार’ नावाने ड्रम बनवत होती. तिनेच १९७४मध्ये तामा हा ब्रँड आणला. तामा हे होशिनो घराण्यातल्याच एका स्त्रीचं नाव. यामाहाने १९६७मध्ये ड्रम काढले. शिवाय आणखी लहान कारखाने. त्यात एखादं नाव आज या कारखान्याकडून, उद्या त्या कारखान्याकडून माल घ्यायचं. म्हणजे बॅजवरून कारखाना ओळखायला जाल तर हमखास फसाल. सीरियल नंबर? या स्वस्त सेट्सना तो बहुधा नसतोच.

मग मला एवढी पंचाईत करायची गरज काय होती? स्टुअर्ट तर स्टुअर्ट, वाजतोय ना? मीही असाच विचार केला असता. पण पहिल्याच संध्याकाळी मी एक शहाणपणा करून ठेवला.

कट्!

ज्यांना ड्रमची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी तबल्याच्या भाषेत सांगतो. तबल्याचं जे खोड, तो ड्रमचा शेल. तबल्याची पुडी म्हणजे ड्रमचं हेड. पुडी ताणायला तबल्याला वाद्या आणि गठ्ठे असतात. ड्रमला त्याऐवजी लोखंडी कडं, त्यातून जाणारे लांब स्क्रू म्हणजे टेन्शन रॉड, आणि ते रॉड ज्यात फिरतात ते शेलवर बसवलेले धातूचे ठोकळे असतात. या ठोकळ्यांना म्हणायचं लग. गठ्ठा हातोडीने ठोकायचा, इथे किल्लीने रॉड पिळायचा. फंडा तोच.

तर फ्लोअर टॉमचा एक रॉड गंजून घट्ट बसला होता. मी काय करावं? पक्कड घेतली आणि लावला जोर. कट्! लगचा कान तुटून हातात.

तेव्हा कळलं की हे लग म्हणजे पोलाद नव्हे. जस्ताचा मिश्रधातू साच्यात ओतून वर क्रोमचा मुलामा दिलेला असतो. दिसायला दणकट, पण पिळलं की बिस्किटासारखं तुटतं. वेल्डिंग धड होत नाही. एपॉक्सीने चिकटवावं तर हेड ताणलं की पुन्हा उखडणार. आणि हा काही नट-बोल्ट नव्हे की कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन एक द्या म्हणालं. तसाच दुसरा लग मिळाला तरच फ्लोअर टॉम वाजणार. आणि तसाच लग कुठे शोधायचा हे ठरवायला आधी कळायला हवं की हा बनवला कोणी.

(बरोबर पद्धत आता सांगतो, माझ्यासारखं करू नका. गंजलेल्या रॉडच्या तोंडाशी गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाचे दोन थेंब, आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी किल्लीने पाव आटा मागे, पाव आटा पुढे. नाही हलला तर पुन्हा तेल, पुन्हा रात्र. वीकेंड जातो, पण लग वाचतो.)

आधारकार्ड नाही, मग अंगठ्याचे ठसे

तर ओळख पटवायची कशी? बॅज म्हणजे फक्त व्हिजिटिंग कार्ड, ते कोणीही छापतं. कारखाना स्वतःचे साचे मात्र रोज बदलत नाही. लग ओतायचा साचा बनवायला पैसा लागतो. म्हणून एकाच साच्यातले लग दहा वेगवेगळ्या नावांच्या ड्रमवर सापडतात, आणि कारखान्याच्या स्वतःच्या ब्रँडवरही. खरी ओळख तिथेच.

अडचण एवढीच की जपानी कारखाने तेव्हा अमेरिकन कंपन्यांच्या लगची बिनधास्त नक्कल करायचे. लांबून बघितलं तर लडविग वाटावं, स्लिंगरलँड वाटावं. फरक जवळून कळतो: कडांची गोलाई, मधली रेघ, आणि सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे मागच्या दोन स्क्रूच्या भोकांमधलं अंतर. ते कॅलिपरने मिलीमीटरमध्ये मोजायचं. डोळा फसतो, कॅलिपर फसत नाही. ऑफिसात एक्सेलमध्ये डोकं घालणाऱ्यांना हे काम मनापासून आवडेल, कारण मी खरोखरच एक शीट बनवली: लगचं अंतर, बॅजचा आकार, टॉमचा होल्डर, बास ड्रमचे पाय, शेलच्या आतला रंग.

यातली प्रत्येक गोष्ट काहीतरी सांगते. छोटा टॉम बास ड्रमवर बसवायला पट्टीसारखी सरकती रेल असेल तर सेट साधारण साठच्या दशकातला. दोन टॉम धरणारे जाड नळीचे होल्डर नंतरचे. टॉमच्या अंगावर एक गोल बटण आणि आत हेडला टेकणारी फेल्टची गादी असेल तर तेही जुन्या वळणाचं. बॅजवर जपानच्या जागी तैवान असेल तर समजायचं, स्वस्त माल बनवायची पाळी पुढे तैवानवर आली त्या काळातला ड्रम.

आणि मग आतलं लाकूड. हेड काढून टॉर्च मारला की दिसतं. या सेट्सचे शेल बहुतेक लुआन नावाच्या लाकडाच्या पातळ थरांचे असतात. वर-खाली काठाला आतून मजबुतीची लाकडी कडी. लुआनला ‘फिलिपाइन महोगनी’ म्हणतात, पण खऱ्या महोगनीशी त्याचं नातं नाही. उलट आपल्याकडचा साल वृक्ष आणि हा एकाच कुळातले. स्वस्त प्लायवूडचे दरवाजे ज्याचे बनतात तेच हे लाकूड. अमेरिकन कंपन्यांचं मेपल कडक, त्यापुढे हे मऊ आणि हलकं. म्हणून वर्षानुवर्षं हे सेट ‘दरवाजाचे ड्रम’ म्हणून हिणवले गेले.

पण थांबा. तामाच्या इम्पीरियलस्टार या मॉडेलचं नाव ऐकलंय? ‘द पोलिस’चा स्टुअर्ट कोपलंड ज्यावर वाजवायचा तो सेट. (हा स्टुअर्ट खरा, माझ्या बॅजवरचा नव्हे!) त्याचे शेल नऊ थरांचे होते. कशाचे? याच लुआनचे. म्हणजे लाकूड वाईट नव्हतं. थर जास्त होते, काठ नीट कापलेले होते, हार्डवेअर दणकट होतं. फरक कारागिरीत होता. दहा-बारा वर्षांत जपानी कारखाने ते शिकले: १९६६मध्ये पर्लने ‘प्रेसिडेंट’ हा पहिला प्रोफेशनल सेट काढला आणि सत्तरच्या दशकात स्टीव्ह गॅडसारखा स्टुडिओतला राजा यामाहावर वाजवू लागला. माझ्या गॅरेजमधला लाल सेट म्हणजे या सगळ्यांची शिकाऊ उमेदवारी.

मॅजेस्टिक धावून आला

तीन आठवडे मी रोज रात्री लॅपटॉपवर जुन्या टॉम-ड्रमचे विक्रीला टाकलेले फोटो बघत होतो. बायकोला आधी वाटलं शेअर बाजाराचा नाद लागला. अखेर पेनसिल्व्हेनियातला एक अनाथ टॉम दिसला. अनाथ म्हणजे ज्याचा बाकीचा सेट हरवलाय असा. रंग निळा, रॅप अर्धा फाटलेला, बॅज मॅजेस्टिक. पण लग? कडा, रेघ, गोलाई सगळं जुळत होतं. विकणाऱ्याला भोकांमधलं अंतर मोजून कळवायला सांगितलं. त्याने बहुधा मला वेडा समजून, पण मोजलं. तंतोतंत तेवढंच!

स्टुअर्ट आणि मॅजेस्टिक ही दोन्ही नावं पर्लच्या गिऱ्हाइकांच्या यादीतली. साचा एकच. शेल एकसारखे, आतली कडी एकसारखी. कोर्टात उभं राहील असा पुरावा नाही हा. पण मी पैज लावायला तयार आहे की दोन्ही चिबातूनच निघाले. पंचवीस डॉलरला टॉम घरी आला. एक लग माझ्या फ्लोअर टॉमवर चढला आणि उरलेले पुढच्या शहाणपणासाठी डब्यात जमा.

इथे एक मोह होतो, तो सांगून टाकतो. बड्या कंपन्यांच्या जुन्या बॅजच्या हुबेहूब नकला विकत मिळतात. स्टुअर्ट काढून तिथे पर्लचा बॅज ठोकला तर? पटणारं कारण पण आहे, कारण बनवलाय पर्लनेच! मी नाही केलं. त्या सेटवर कधीच नसलेलं नाव लावून उद्या तो कोणाला विकला, तर ती सरळसरळ फसवणूकच. आणि खरं सांगायचं तर तोवर मला स्टुअर्ट आवडायला लागला होता.

अर्धी कला न करण्यात

आता रिस्टोरेशन. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते टीव्हीवरचं: घासा, तासा, रंगवा, नवं कोरं करा. जुन्या ड्रमच्या बाबतीत हीच सगळ्यात मोठी चूक.

पहिलं काम हातात कॅमेरा घेण्याचं. काहीही उघडण्याआधी प्रत्येक ड्रमचा सगळ्या बाजूंनी फोटो. मग एका ड्रमचे लग, स्क्रू, वॉशर एका पिशवीत, पिशवीवर नाव. चार ड्रमचे पार्ट एकत्र झाले तर आयुष्यभर जिगसॉ खेळत बसाल. शेल जपानी आहेत, भोकं कधीकधी अर्धा-एक मिलीमीटर इकडेतिकडे असतात; ज्याचा लग त्याच्याच जागी सुखात बसतो.

गंजासाठी भारी महागडं काही लागत नाही. स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चुरगाळायचा, पाण्यात बुडवायचा आणि क्रोमच्या कड्यावर हलक्या हाताने घासायचं. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे मुलाम्याला ओरखडे पडत नाहीत आणि गंज सुटून काळं पाणी येतं. लगेच पुसून पूर्ण कोरडं करायचं, मग तेलाचा हलका हात. जिथे क्रोमच उडालाय तिथे खड्डा राहणार, तो राहू द्या. आईच्या सल्ल्याने पितांबरी वापरायचा विचार चाललेला, पण ती पितळेसाठी. क्रोमचा मुलामा पातळ असतो, त्यावर पावडरीचे प्रयोग नकोत. सगळी कडी धुवायला मला दोन रविवार लागले. बाथटबचा रंग पाहून घरमालकाला काय सांगायचं याची तयारीही करून ठेवली होती.

चमकीच्या रॅपला कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. बस्स. जुने रॅप कधीकधी सेल्युलॉइडचे असतात, म्हणजे जुन्या सिनेमाच्या रिळांची जात: भडकन पेटणारी. नुसतं बघून ओळखता येत नाही, म्हणून हीट गन, सिगारेट, सोल्डरिंग, सगळं लांब ठेवायचं. एका लगखाली मला रॅपचा मूळ रंग दिसला. आपल्याला वाटत होतं लाल, तो होता गडद डाळिंबी. पन्नास वर्षांच्या उन्हाने बाकीचा फिका झालेला. रॅप बदलून नवा लावावा का? नवा लाल मिळतोही. पण मग जुन्यातलं उरलं काय? शिवण जिथे सुटली होती तिथे चिकटवली आणि गप्प बसलो.

लगच्या आत एक छोटी स्प्रिंग असते. ड्रम वाजला की ती पण गुणगुणते. तिच्यात फेल्टचा तुकडा कोंबला की शांत. काही जण कापूस भरतात, पण तो दमट हवेत ओल धरतो, त्यामुळे मुंबई-ठाण्यात तर नकोच.

आणि टेन्शन रॉड नवे आणायला जाल तेव्हा जुना एक खिशात घेऊन जा. मी ऐटीत अमेरिकन मापाचा डझनभर घेऊन आलो, दोन आट्यांनंतर पुढे जाईनात. या वेळी जोर नाही लावला. शिकलो म्हटलं ना!

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे शेलचा काठ, जिथे हेड टेकतं. ड्रमचा आवाज निम्मा तिथे ठरतो. तपासायची युक्ती सोपी: जाड काचेच्या टेबलावर शेल उपडा ठेवायचा, खोलीतले दिवे बंद, आत टॉर्च सुरू. काठाखालून जिथे उजेडाची फट दिसेल तिथे उंचसखल. माझ्या बास ड्रमला दोन बारीक फटी होत्या, छोट्या टॉमला काही नाही. फ्लोअर टॉमला चांगली बोटभर लांब फट. दुकानात मशीनवर काठ नव्याने कापून मिळतो, धारदार, आजच्या फॅशनचा. पण मग जुन्या गोलसर काठाचा तो जाडसर, भरीव आवाज गेला. त्यापेक्षा काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून शेल त्यावर हलकेच फिरवायचा, दर दहा फेऱ्यांनी टॉर्च लावून बघायचं.

फ्लोअर टॉमच्या पोटात

याच कामासाठी फ्लोअर टॉम उपडा-सुलटा करत होतो. आतलं लाकूड खरखरीत, धुळीने काळवंडलेलं. बऱ्याच जणांचा सल्ला असतो: आतून पॉलिश पेपर मारा, वर सीलरचा हात द्या, आवाज उजळतो. पेपर हातात घेतलाच होता. सवयीने आधी टॉर्च मारला.

शिवणीजवळ पेन्सिलीने, लहान मुलाच्या वाकड्यातिकड्या इंग्रजी अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. ओळ धुळीत अर्धी बुडालेली. मऊ ब्रशने धूळ झटकली तेव्हा लागलं: ख्रिसमस १९६७, फ्रॉम डॅड.

तीन आठवडे कॅलिपर घेऊन जे शोधत होतो, ते हे. वर्ष! रेलवाला होल्डर, फेल्टची गादी, लुआन, सगळं त्या तारखेशी जुळत होतं. कारखान्याकडे नोंद नाही, बॅज खोटा, सीरियल नंबर नाही, आणि एका पोराने पेन्सिलीने लिहून ठेवलंय. आणखी पाच मिनिटं आणि मी ते माझ्या हाताने घासून टाकणार होतो.

त्या डॅडचाही विचार आला. रिंगोचा लडविग त्याला परवडला नसणार. त्याने जपानी घेतला. पोराला तेव्हा काय वाटलं असेल? थोडा हिरमुसला असेल का? पण लिहून तर ठेवलंय.

यार्ड सेलवाल्या जोडप्याला फोन केला. आधीच्या मालकाचं नाव त्यांच्या कागदपत्रांत होतं, पण माणूस वारला होता आणि घर कोणा नातेवाइकाने विकलं होतं. त्यांनी वकिलाकडे निरोप ठेवतो म्हणून सांगितलं. कोणाचा फोन आला नाही.

पॉलिश पेपर ठेवून दिला. आत सीलर नाही, काही नाही. फ्लोअर टॉमचा काठ मात्र पुरता केला, शेल उताणा धरून, लेकराला आंघोळ घालतात तसा.

खिशाचं काय?

हिशोबाशिवाय आपल्या पिढीला झोप लागत नाही, म्हणून सांगतो. सेट ८० डॉलर, अनाथ टॉम २५. चार ड्रमची वरखाली मिळून आठ नवी हेड्स. त्यांनाच सेटपेक्षा जास्त पैसे गेले. स्नेअरच्या तारा, रॉड, तेल, फेल्ट वेगळं. दुरुस्त झालेला असा सेट विकायला काढला तर घातलेले पैसेही धड परत येणार नाहीत. गुंतवणूक म्हणून करणार असाल तर म्युच्युअल फंड बरा. हे काम हाताला काम हवं म्हणून करायचं.

आणि आवाज? साधी, एक थराची, खरखरीत पांढरी हेड्स चढवली. आधी सगळे रॉड बोटांनी, मग किल्लीने समोरासमोरचे अर्धा अर्धा आटा. बास ड्रमचा पहिला ठोका पडला आणि बेसमेंटच्या खिडकीची काच हलली. मऊ, खोल, गोल आवाज. झणझणीत नाही, लांबत नाही, ‘धप्’ करून जागच्या जागी बसणारा. साठच्या दशकातल्या रेकॉर्ड्सवर येतो तसा. दरवाजाच्या लाकडाचा म्हणे!

२०२१मध्ये प्रोजेक्ट संपला. स्टुअर्ट कंटेनरमधून ठाण्याला आला: छोटा टॉम फ्लोअर टॉमच्या आत, फ्लोअर टॉम बास ड्रमच्या आत, घरचे स्टीलचे डबे ठेवतात तसे. मधे जुने टॉवेल. सोसायटीत वाजवायची परवानगी रविवारी अकरा ते बारा, तीही हेडवर टॉवेल टाकून. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कडी पुसून तेल लावावं लागतं, नाहीतर खाडीची हवा दोन आठवड्यांत ठिपके काढते.

तिसऱ्या मजल्यावरचे काका तबला शिकवतात. पहिल्या पावसात एका रविवारी दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं तक्रार. ते आत आले, फ्लोअर टॉमवर बोटांनी दोनदा थाप मारली, कान जवळ नेला.

“उतरत नाही रे पावसात? आमची पुडी बघ, लगेच सैल पडते.”

“प्लास्टिकचं हेड आहे काका. चामडं नाही.”

“हं. आणि हा एकच गठ्ठा जास्त का चमकतोय?”

“तो निळ्या ड्रमचा आहे,” मी म्हटलं, “बसा, सांगतो. चहा टाकू?”